दुर्बळाचे स्वातंत्र्य आणि शासनाचे कर्तव्य : डॉ. आंबेडकरांचा राज्य, श्रम व उद्योगविषयक विचार



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्याला एक सवय लावली. कोणाही थोर पुरुषाचे नाव घेण्यापूर्वी त्याने नेमके काय लिहिले आणि काय केले हे पाहावे, अशी ती सवय. तिला स्मरून आजचा विषय मी निवडला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे छायाचित्र आपल्या शाळेशाळेत आहे. ते घटनेचे शिल्पकार होते, अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनी आयुष्य वेचले, हे प्राथमिक शाळेतील मूलही सांगेल. परंतु त्यांचे मूळ शिक्षण अर्थशास्त्राचे होते, ते चार वर्षे देशाचे मजूरमंत्री होते, आणि शासनाने काय करावे, श्रमाचे मोल कसे ठरावे, उद्योगधंद्यांना कोणती मर्यादा असावी, याविषयी त्यांचा एक सुसंगत विचार होता, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते.

हा विषय येथेच मांडावा, यालाही कारण आहे. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्याच भूमीवर झाला. मराठी घरात जन्मलेला हा मुलगा मराठी मुलखाच्या सीमेबाहेर जन्मला, ही गोष्ट आपल्यासारख्या सीमेवरच्या मराठी भाषकांना जवळची वाटावी अशी आहे. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण आपल्या पायाखालच्या मातीत आहे. पांढुर्ण्याचा कापूस आणि संत्री, सौंसरचे मँगनीज आणि वर परासिया-जुन्नारदेव भागातील कोळसा, या तिन्हींवर आपल्या मुलखातील हजारो कुटुंबांनी पोट भरले. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर या तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वी शेत, जिनिंग आणि खाण हे सारे एकाच छिंदवाडा जिल्ह्यात नांदत होते. श्रम, शासन आणि व्यापार यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न आपल्याला म्हणूनच केवळ पुस्तकी नाही.

शेती, रिकामे हात आणि उद्योग

बाबासाहेबांच्या आर्थिक विचाराचा आरंभ शेतापासून होतो. १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रे व त्यांवरील उपाय या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी सरकारी अधिकारी आणि विद्वान एकमुखाने म्हणत होते की, वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडतात, म्हणून शेती तोट्यात जाते. सबब तुकडे जोडावेत, वाटण्यांना बंदी करावी. तरुण आंबेडकरांनी या निदानावरच प्रश्नचिन्ह लावले. शेत लहान की मोठे, हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्या एकरांवर किती भांडवल, किती बैल-अवजारे आणि किती माणसांचे श्रम लागतात, यांच्या प्रमाणावर ते ठरते. दहा एकर जमीन आहे, पण जोडीला बैल नाहीत, विहीर नाही, तर ते शेत लहान नसून त्या शेतकऱ्याच्या साधनांच्या मानाने मोठेच आहे.

मग खरा रोग कोणता? जमिनीवर अवलंबून असलेल्या माणसांची संख्या जमिनीला पेलवत नाही, हा. घरात पाच माणसे राबताना दिसतात, परंतु काम तिघांचेच असते. उरलेले दोघे खातात, पण त्यांच्या श्रमाने उत्पन्न वाढत नाही. जमिनीचे तुकडे हे या रोगाचे लक्षण होय, कारण नव्हे. यावर त्यांनी सुचविलेला उपाय म्हणजे औद्योगिकीकरण. रिकाम्या हातांना शेताबाहेर काम मिळाले की जमिनीवरचा भार उतरेल आणि शेतीत भांडवलही येईल.

आपल्या भागातील जुन्या शेतकऱ्याला हे सांगावे लागणार नाही. कापसाची वेचणी संपली की घरातील एखादा भाऊ नागपूरच्या गिरणीचा नाही तर खाणीचा रस्ता धरी. तात्पर्य, उद्योगाविषयी बाबासाहेबांच्या मनात वैर मुळीच नव्हते. यंत्र माणसाला गुलाम करते, तेव्हा चरख्याकडे आणि खेड्याकडे परत चला, हा विचार त्यांना कधी पटला नाही. यंत्रामुळे माणसाला विश्रांती मिळते आणि विश्रांतीतूनच शिक्षण व संस्कृती यांना वाव मिळतो, असे ते मानीत. दोष यंत्राचा नाही, ज्या समाजव्यवस्थेत त्या यंत्राचा लाभ मोजक्यांच्या हाती राहतो त्या व्यवस्थेचा आहे, अशी त्यांची भूमिका होती.

रुपया आणि शासनावरचे बंधन

१९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. विषय किचकट आहे. परंतु त्याचा गाभा सोपा करून सांगता येतो. चलन किती काढावे, हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये, असे त्यांचे मत होते. सरकारला हवे तेव्हा रुपये पाडता येऊ लागले की रुपयाची क्रयशक्ती घसरते, आणि महागाई सर्वांना सारखी लागत नाही. व्यापारी आपल्या मालाचा भाव वाढवितो. मजुराची मजुरी मात्र मागाहून, रखडत वाढते. रुपयाचा विनिमयदर खाली गेला म्हणजे निर्यातदार व कारखानदार यांचा फायदा होतो, हे खरे. परंतु तो फायदा बहुतांशी मजुराच्या खऱ्या वेतनातून कापून घेतलेला असतो. १९२५ च्या डिसेंबरात चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी हाच धागा धरला होता. रुपये पाडण्याचा अधिकार लोकांना जसा नाही तसा तो सरकारलाही नसावा, येथपर्यंत त्यांची मजल गेली.

हा मुद्दा मी मुद्दाम ठळक करतो. पुढे राज्याच्या मालकीच्या उद्योगांचा जोरदार पुरस्कार करणारा हाच माणूस तरुणपणी शासनाचे हात बांधा असे सांगत होता. वरवर पाहता हा विरोध वाटेल. पण दोन्ही ठिकाणी त्यांनी विचारलेला प्रश्न एकच आहे : या व्यवस्थेत ज्याच्या हाती सत्ता आहे, त्याच्यापासून दुबळ्याचे रक्षण कोण करणार? सत्ता सरकारच्या हाती असेल तर सरकारला नियमांनी बांधा; मालकाच्या हाती असेल तर मालकाला कायद्याने बांधा. ही किल्ली हाती घेतली की त्यांच्या पुढील सर्व लेखनाचे दरवाजे उघडतात.

करार आणि संप

१९३६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. पक्षाच्या नावात जात नव्हती, मजूर होता. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत औद्योगिक कलहाचे विधेयक आले. त्यात काही परिस्थितींत संप करणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरविला होता. बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, कामगाराने काम सोडले तर फार तर तो कराराचा भंग होईल, आणि त्याचा निवाडा दिवाणी न्यायाने व्हावा. त्याला तुरुंगात धाडणे म्हणजे माणसाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध चाकरी करून घेणे, आणि त्याला जगात गुलामगिरी हेच नाव आहे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत या विधेयकाविरुद्ध मोठा संप झाला आणि त्यात त्यांचा पक्ष इतर कामगार संघटनांच्या बरोबरीने उतरला.

येथे आपल्या शेजारच्या एका उदाहरणाचे स्मरण होते. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. वऱ्हाड-नागपूरच्या कापसाच्या आधारे उभी राहिलेली ही गिरणी सव्वाशे वर्षे चालून २००२ मध्ये बंद झाली. कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी, अपघातात भरपाई अशा गोष्टी टाटांनी एकोणिसाव्या शतकातच, कायद्याची सक्ती नसताना सुरू केल्या होत्या. त्याबद्दल त्या मालकाला श्रेय द्यावयास हवे. परंतु बाबासाहेबांची विचारपद्धती पुढचा प्रश्न विचारते. मालक उदार निघाला तर ठीक. शेजारच्या गिरणीचा मालक तसा नसेल तर तेथील कामगाराने काय करावे? उदारपणा ही मालकाची देणगी असते, हक्क हा कामगाराचा स्वतःचा असतो. देणगी देणाऱ्याला ती परतही घेता येते. म्हणून कामगाराचे संरक्षण मालकाच्या स्वभावावर न सोडता कायद्यात लिहिले जावे, हा त्यांचा आग्रह होता.

सप्टेंबर १९४३ मध्ये दिल्लीतील कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणात त्यांनी याचे तात्त्विक विवेचन केले. संसदीय लोकशाही अनेक देशांत का कोसळली? तिने कराराच्या स्वातंत्र्याला पवित्र मानले, पण करार करणारे दोन पक्ष तुल्यबळ आहेत की नाहीत हे पाहिले नाही. एका बाजूला पोटभर जेवून, चार महिने वाट पाहू शकणारा मालक. दुसऱ्या बाजूला संध्याकाळच्या भाकरीची चिंता असलेला मजूर. या दोघांतील करार कागदावर स्वतंत्र असतो, व्यवहारात नसतो. लोकशाहीने स्वातंत्र्याचा ध्यास घेतला आणि समतेकडे पाठ फिरविली, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता.

चार वर्षांचे मजूरमंत्रिपद

हे भाषण करणारा वक्ता त्या वेळी नुसता टीकाकार नव्हता. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे मजूर खाते आले आणि १९४६ पर्यंत ते त्यांच्याकडे राहिले. ७ ऑगस्ट १९४२ रोजी दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली शासन, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद भरली. मजुराविषयीचे निर्णय मजुराला वगळून होऊ नयेत, हे तत्त्व यामुळे शासकीय व्यवहारात रुजले. नोकऱ्या शोधणाऱ्यांसाठी रोजगार विनिमय केंद्रे निघाली. नद्यांच्या पाण्याचा पाटबंधारे, वीज आणि पूरनियंत्रण असा एकत्रित विचार करणारी केंद्रीय यंत्रणा त्यांच्याच खात्याने उभी केली, आणि दामोदर खोरे योजनेचा पाया याच काळात घातला गेला. स्वस्त वीज नाही तर उद्योग नाही, आणि उद्योग नाही तर जमिनीवरचा भार हलका होणार नाही, हा १९१८ च्या निबंधातील विचारच येथे धरणे आणि विद्युत्केंद्रे यांच्या रूपाने पुढे आला.

कारखान्यांतील कामाचे तास हा त्यांतील सर्वांत ठळक विषय. १९३४ च्या कायद्याप्रमाणे बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तास, तर हंगामी कारखान्यांत ६० तास काम घेता येत असे. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांसाठी ही मर्यादा ४८ तासांवर आली. हंगामी कारखाने म्हणजे कोणते? आपल्या पांढुर्ण्या-सौंसरसारख्या कापसाच्या गावांतील जिनिंग-प्रेसिंग त्यांतच मोडे. बारमाही आणि हंगामी हा भेद १९४८ च्या कारखाना कायद्याने काढून टाकला. कापसाच्या दिवसांत जिनिंगमध्ये सरकी आणि रुई यांच्या धुळीत उभ्या राहणाऱ्या बायाबापड्यांना हा फरक काय होता, ते आपल्यापैकी ज्यांच्या आया-आज्या तेथे कामाला गेल्या, त्यांना ठाऊक आहे.

छिंदवाड्याच्या खाणी : तत्त्वाची कसोटी

आता मी अशा प्रसंगाकडे येतो, जो बाबासाहेबांच्या गौरवपर चरित्रांत बहुधा ओझरताच येतो. परंतु त्यांच्या विचाराची खरी परीक्षा तेथेच झाली, आणि ती आपल्या छिंदवाड्यासारख्या कोळसाक्षेत्रांत झाली.

खाणीत जमिनीखाली स्त्रियांनी काम करू नये, अशी बंदी आपल्या देशात १९२९ पासून टप्प्याटप्प्याने येत जाऊन १९३७ मध्ये पूर्ण झाली. १९३५ च्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९३८ मध्ये मान्यताही दिली. हेतू चांगला होता. परंतु पेंच-कन्हानपासून झरियापर्यंत खाणकाम हे पुष्कळदा कुटुंबाचे काम असे. पुरुष कोळसा फोडी, स्त्री तो टोपल्यांतून वाही, आणि मजुरी दोघांची मिळून घरात येई. बंदी आली तेव्हा त्या स्त्रीला पर्यायी काम कोणी दिले नाही. तिच्या वाट्याची मजुरी मात्र गेली.

पुढे महायुद्ध आले. लष्करी बांधकामांवर मजुरी अधिक मिळू लागली आणि मजूर खाणी सोडून तिकडे गेले. १९४३ मध्ये देशात कोळशाची टंचाई एवढी झाली की रेल्वे, गिरण्या, सारेच अडचणीत आले. त्या वर्षी सरकारने मध्य प्रांत, बंगाल, बिहार आदी भागांतील कोळसा खाणींत स्त्रियांवरील बंदी तात्पुरती उठविली. मजूरमंत्री होते डॉ. आंबेडकर.

देशातील स्त्री संघटनांनी निषेध केला. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी केंद्रीय विधिमंडळात यावर चर्चा होऊन मंत्र्यांना उत्तर द्यावे लागले. त्यांनी हा निर्णय आदर्श म्हणून मांडला नाही. ही आपत्कालीन तरतूद आहे, ती कायमची नाही, असे त्यांनी सांगितले. तिच्यासोबत घातलेल्या अटींपैकी एक मोठी होती : खाली काम करणाऱ्या स्त्रीला त्याच कामासाठी पुरुषाएवढीच मजुरी मिळाली पाहिजे. स्त्री-पुरुष भेद न करता समान कामाला समान वेतन हे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच प्रस्थापित होत आहे, असा त्यांचा दावा होता. त्यापूर्वी डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबाद परिसरातील खाणीत उतरून कामगारांची स्थिती पाहून आले होते. १९४४ च्या आरंभी कोळसा खाण कामगारांसाठी कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून रवाना होणाऱ्या कोळशावर कर बसवून त्यातून घरे, दवाखाने आणि शिक्षण यांची सोय करावयाची, अशी ती योजना. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचा कायदा १९४३ व १९४५ मध्ये सुधारला गेला. १ फेब्रुवारी १९४६ पासून स्त्रियांवरील बंदी पुन्हा लागू झाली.

आपण या निर्णयाचा न्याय कसा करावा? मला वाटते, दोन गोष्टी एकाच वेळी मान्य कराव्यात. दुर्बळाच्या रक्षणासाठी कायदा हवा म्हणणाऱ्या मंत्र्याच्याच कारकीर्दीत एका दुर्बळ वर्गाचे कायदेशीर रक्षण मागे घेतले गेले, हे खरे आहे. त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. युद्धकालीन परकीय सरकारात बसून त्यांना तडजोड करावी लागली, आणि कोळशाची गरज कोणाच्या अंगावर पडली तर ती सर्वांत गरीब स्त्रियांच्या. परंतु हेही तितकेच खरे की, तडजोड करताना तिची किंमत मजुराकडूनच निमूटपणे वसूल होऊ नये, म्हणून त्यांनी समान मजुरी, मुदत आणि कल्याणनिधी यांचे कुंपण घातले. केवळ बंदी घालून कर्तव्य संपत नाही, आणि केवळ परवानगी देऊनही संपत नाही. बंदी घालाल तर पर्यायी उपजीविका द्या. परवानगी द्याल तर समान दाम आणि सुरक्षितता द्या. आपल्या खाणींतील त्या निनावी स्त्रियांच्या इतिहासातून शासनाने घ्यावयाचा हा धडा आहे. २०१९ मध्ये स्त्रियांना ठरावीक अटींवर, तांत्रिक व पर्यवेक्षणाच्या कामांसाठी, पुन्हा खाणीत उतरण्याची मुभा मिळाली. तेव्हा हा धडा जुना झालेला नाही.

एक गोष्ट सौंसरकरांसाठी. कोळसा कामगारांचा निधी १९४४ मध्ये आला. मँगनीज खाणींतील कामगारांसाठी तशा कल्याणकराचा कायदा होण्यास १९७६ साल उजाडावे लागले. सौंसरच्या खडकांचे नाव भूशास्त्राच्या ग्रंथांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच गेले. या परिसरातील सीतापार गावावरून एका खनिजाचे नामकरणही झाले. खडकाची दखल घेण्यात जगाने दिरंगाई केली नाही. तो फोडणाऱ्याची दखल घेण्यास मात्र फार उशीर लागला.

राज्य आणि अल्पसंख्याक

मार्च १९४७ मध्ये, घटना तयार होत असताना, बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने एक निवेदन तयार केले. त्यांच्या आर्थिक विचाराचे सर्वांत पूर्ण रूप त्यात आढळते. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत व राज्यानेच चालवावेत. विमा हा राज्याचाच व्यवसाय असावा आणि प्रत्येक प्रौढ माणसाने विमा उतरवावा. शेतजमीन राज्याने भरपाई देऊन ताब्यात घ्यावी, गावातील कुटुंबांना जातिभेद न मानता सामुदायिक पद्धतीने कसावयास द्यावी, आणि पाणी, बैल, अवजारे, बियाणे यांचा पुरवठा राज्याने करावा. जेणेकरून जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असे वर्गच उरणार नाहीत. हे सारे सरकारच्या लहरीवर न ठेवता घटनेतच लिहावे, म्हणजे निवडणुकीत बहुमत बदलले तरी ते मोडता येणार नाही.

यामागचा युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. राज्याने हात आवरला की व्यक्तीला स्वातंत्र्य मिळते, असे म्हणतात. बाबासाहेब विचारतात, कोणाच्या स्वातंत्र्याची ही गोष्ट आहे? बेकार माणसाला कामाच्या बदल्यात आपले हक्क सोडावयास कोणी सांगितले, तर तो नकार देऊ शकेल काय? उपाशी राहण्याचे, घर जाण्याचे, मुलांना शाळेतून काढण्याचे भय ज्याच्या मागे आहे, त्याच्या हाती मूलभूत हक्कांचा कागद देऊन काय उपयोग? शासनाने माघार घेतली म्हणजे तेथे स्वातंत्र्य येतेच असे नाही. बहुधा तेथे खाजगी मालकाची अनियंत्रित सत्ता येते.

त्यांची ही योजना घटनेत आली नाही. आणि गंमत अशी की, नोव्हेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी घटनेच्या आरंभीच राज्य समाजवादी असल्याचे लिहावे अशी सूचना मांडली, तेव्हा तिला विरोध केला तो बाबासाहेबांनीच. समाजाची आर्थिक रचना कोणती असावी, हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत, असे ते म्हणाले. आणि मार्गदर्शक तत्त्वांत तो आशय आलाच आहे, हेही त्यांनी दाखविले. वीस महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या या दोन भूमिकांचा मेळ पूर्णपणे बसतो असे मी म्हणणार नाही. एका ठिकाणी ते एका पीडित समाजाचे वकील होते. दुसऱ्या ठिकाणी सर्व देशाच्या मसुद्याचे विश्वस्त. परंतु मूळ चिंता सुटली नव्हती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी इशारा दिला की राजकारणात आपण समता आणतो आहोत, सामाजिक व आर्थिक जीवनात मात्र विषमता तशीच आहे, आणि ही विसंगती फार काळ चालू दिली तर लोकशाहीच धोक्यात येईल.

अनुभवाची साक्ष

पुढे काय घडले? १९५६ मध्ये आयुर्विमा राष्ट्रीय झाला; बाबासाहेबांच्या हयातीतच, त्यांच्या निधनापूर्वी काही महिने. १९७३ मध्ये आपल्या पेंच-कन्हानच्या खाणींसह कोळसा उद्योग राज्याच्या मालकीचा झाला. २०२० पासून कोळशाचे व्यापारी उत्खनन खाजगी क्षेत्राला पुन्हा खुले झाले आहे. सामुदायिक शेतीची त्यांची कल्पना मात्र आपल्याकडे कधी आकाराला आली नाही. रशियात तिच्यासाठी बळजबरी झाली आणि लाखो शेतकरी देशोधडीला लागले, हे आज आपल्याला पुरते ठाऊक आहे. त्यामुळे ही कल्पना जशीच्या तशी स्वीकारावी असे कोणी म्हणणार नाही. आपल्या बागांतील संत्र्याचे झाड ज्याने लावले, त्यालाच त्याची निगा राखण्याची जी ओढ असते, तिचा हिशेब त्या योजनेत पुरेसा नव्हता.

राज्याच्या मालकीचा अनुभवही एकसारखा नाही. १० डिसेंबर १९५४ रोजी आपल्याच जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून ६३ कामगार मृत्युमुखी पडले. कोळसा तेव्हा खाजगी क्षेत्रात होता. परंतु २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला येथे, राष्ट्रीयीकरणानंतर, ३७० हून अधिक कामगार तशाच जलप्रलयात गेले. मालक बदलल्याने पाण्याचे भय टळत नाही. ते टळते नकाशे अचूक ठेवल्याने, पाहणी वेळेवर केल्याने, आणि धोका दिसताच काम थांबविण्याचा अधिकार कामगाराला असल्याने. शासनच मालक झाले की त्याच्यावर देखरेख कोणी करावी, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर १९२३ च्या आंबेडकरांनी देऊन ठेवले आहे : शासनालाही नियमाने बांधा.

म्हणून मी असे सुचवितो की, बाबासाहेबांना सरकारीकरणाचे किंवा खाजगीकरणाचे प्रवक्ते म्हणून उभे करण्याचा मोह दोन्ही पक्षांनी टाळावा. त्यांनी काळानुसार उपाय बदलले. कसोटी बदलली नाही. कोणत्याही धोरणापुढे, कायद्यापुढे, कारखान्यापुढे त्यांनी एकच प्रश्न ठेवला की, या व्यवहारात ‘नाही’ म्हणण्याची ताकद कोणाजवळ नाही, आणि त्याच्या बाजूला कोण उभे आहे?

माजी विद्यार्थी मित्रांनो, या शाळेतून बाहेर पडून आपल्यापैकी कोणी अधिकारी झाले, कोणी व्यापारी, कोणी कारखानदार. कोणी आजही शेत कसतात, कोणी बाजार समितीत मापाच्या काट्यापाशी उभे राहतात. आपल्या अंगणात आज नवे कारखाने आहेत आणि कामावर माणसे पुरविणारे ठेकेदारही आहेत. २०१९ व २०२० मध्ये संसदेने कामगारविषयक जुने कायदे एकत्र करून चार संहिता केल्या. त्या चांगल्या की वाईट, हा वाद विद्वान करोत. आपण मात्र आपल्या टेबलावर येणारा प्रत्येक कागद या एका प्रश्नाच्या उजेडात वाचावा. हजेरीपट लिहिणाऱ्याने, मजुरी चुकती करणाऱ्याने, परवाना देणाऱ्याने आणि मत देणाऱ्यानेही.

खाणीत उतरलेल्या त्या स्त्रियांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्या मुली-नातींपैकी कोणी याच शाळेच्या बाकांवर बसून शिकली असेल, आणि कदाचित आज या सभागृहातही असेल. तिच्यासाठी कायदा, काम आणि मान या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाव्यात, एवढीच बाबासाहेबांच्या साऱ्या अर्थविचाराची मागणी होती. ती पुरी करणे आपल्या हाती आहे.